बर्फावरचा कर्णधार

(फिनलंड हा युरोपच्या उत्तर टोकाचा देश. तेथील साकू कोइवू या आइस हॉकीपटूने कॅनडातील माँट्रियल शहराच्या संघाचे दहा वर्षे नेतृत्व केले. ऐन उमेदीत त्याला कर्करोगाने गाठले. त्या आजाराची, त्यानंतर तो पुन्हा मैदानात उतरला त्या रात्रीची आणि पुढच्या त्याच्या कामाची हकीकत या पाठात दिली आहे.)

सप्टेंबर २००१ मधील गोष्ट. सुट्टी संपवून साकू कोइवू फिनलंडहून माँट्रियलला निघाला होता. वय अवघे २६ वर्षे. नवा हंगाम तोंडावर आला होता आणि संघाचा कर्णधार तोच होता. विमानात त्याच्याबरोबर ब्रायन सॅव्हेज हा संघातील सहकारी होता. साकूच्या पोटात सारखे दुखत होते. उलट्या होऊ लागल्या, चेहरा पांढराफटक पडला. सॅव्हेजला हे लक्षण साधे वाटले नाही. माँट्रियलला पोहोचताच त्याने संघाचे डॉक्टर डेव्हिड मल्डर यांना कळवले. तपासण्या झाल्या. निदान झाले ते नॉन-हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगाचे.

आपल्या रक्तात आणि शरीरातील गाठींमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणे हे त्यांचे काम. कधी कधी यांपैकीच एखादी पेशी बिघडते आणि बेसुमार वाढू लागते. म्हणजे पहारेकऱ्यानेच घर फोडावे तसा हा प्रकार. साकूच्या बाबतीत हा रोग पोटात वाढत होता.

संघाने ही बातमी लपवली नाही. वार्ताहरांना बोलावून रोगाचे नाव स्पष्ट सांगितले. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्या मोहल्ल्यात कुणाला कर्करोग झाला, तर लोक आवाज खाली आणतात. ‘ती बीमारी’ म्हणतात, नाव घेत नाहीत. नाव न घेतल्याने रोग जात नाही. उलट रोग्याला मात्र आपण काही गुन्हा केला असे वाटू लागते आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. माँट्रियलमध्ये त्या दिवसापासून रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत, असे आपण आपल्याकडच्या भाषेत म्हणू, सर्वांना ठाऊक झाले की आपला कर्णधार कोणत्या रोगाशी झुंजतो आहे.

हा कर्णधार कोण होता, ते आता पाहू.

साकूचा जन्म २३ नोव्हेंबर १९७४ रोजी तुर्कू येथे झाला. तुर्कू हे फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील जुने शहर आहे. आउरा नावाची नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्या मुखाजवळ मध्ययुगातील किल्ला उभा आहे. १८१२ पर्यंत हेच फिनलंडचे मुख्य शहर होते. पुढे तो मान हेलसिंकीला मिळाला. फिनिश भाषेत ‘कोइवू’ म्हणजे बर्च नावाचे झाड. पांढऱ्या सालीचे, सडपातळ खोडाचे हे झाड कडक थंडीतही तग धरून राहते. आडनावे काही माणसाचा स्वभाव पाहून ठेवलेली नसतात. तरीही हे आडनाव साकूला शोभले, असे म्हणावेसे वाटते.

फिनलंडमध्ये हिवाळा लांबतो. उघड्या मैदानात पाणी सोडले की ते गोठते आणि मुलांना खेळायला जागा तयार होते. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट चालते, तशी तेथे आइस हॉकी चालते. साकूचे वडील स्वतः या खेळाचे प्रशिक्षक होते. तेव्हा मुलाच्या हातात स्टिक लवकर आली, यात नवल नाही. त्याचा धाकटा भाऊ मिको त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तोही पुढे नामवंत खेळाडू झाला.

तुम्हांपैकी बहुतेकांनी आइस हॉकी पाहिलेली नसेल. आपल्या हॉकीत अकरा खेळाडू गवतावर किंवा कृत्रिम हिरवळीवर चेंडू खेळवतात. आइस हॉकीत प्रत्येक बाजूचे सहाच खेळाडू एका वेळी मैदानात असतात. त्यांतला एक गोलरक्षक. मैदान बर्फाचे, भोवती लाकडी किंवा प्लास्टिकचा कठडा, पायांत धारदार पात्यांचे बूट. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. तिचा व्यास साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, जाडी अडीच सेंटिमीटर आणि वजन सुमारे १७० ग्रॅम. जोरात मारलेला पक ताशी १५० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाऊ शकतो. खेळ वीस वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो. दमछाक एवढी होते, की खेळाडू पाऊण मिनिट धावतो आणि बाकावर जाऊन बसतो. त्याच्या जागी दुसरा उतरतो. खेळ चालू असतानाच ही अदलाबदल होते. अंगाला अंग भिडवून प्रतिस्पर्ध्याला अडवण्याची नियमाने परवानगी आहे. म्हणून या खेळात धिप्पाड माणसांची चलती असते.

साकूची उंची १७८ सेंटिमीटर. आपल्याकडे हा माणूस उंच म्हणवला असता. आइस हॉकीत मात्र तो लहानखुरा ठरला. त्याची जागा मध्यभागी होती. या जागेवरच्या खेळाडूने दोन्ही बाजूंच्या सोबत्यांना पक पुरवायचा असतो आणि आपला गोलही राखायचा असतो. साकू इतरांपेक्षा आधी ओळखत असे की पक आता कोठे जाणार. स्वतः गोल करण्यापेक्षा दुसऱ्याला गोल करून देण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्या कारकिर्दीचे आकडे पुढे येतील, त्यांतही हीच गोष्ट दिसेल.

तुर्कूच्या टी.पी.एस. या संघाकडून खेळताना त्याने १९९३ आणि १९९५ मध्ये फिनलंडचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. उत्तर अमेरिकेत ‘नॅशनल हॉकी लीग’ नावाची मोठी व्यावसायिक स्पर्धा आहे. तिच्यात दरवर्षी संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात. १९९३ च्या निवडीत माँट्रियल कॅनेडियन्स या संघाने साकूला २१ व्या क्रमांकावर घेतले. पण तो लगेच कॅनडाला गेला नाही. दोन वर्षे घरीच खेळत राहिला. ते बरेच झाले. कारण त्या काळात त्याच्या देशाच्या क्रीडा-इतिहासातील एक मोठा दिवस उजाडायचा होता.

तो दिवस ७ मे १९९५. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना स्टॉकहोम येथे होता आणि समोर यजमान स्वीडन होता. फिनलंड आणि स्वीडन हे शेजारी. फिनलंडवर कित्येक शतके स्वीडनचे राज्य होते. तेव्हा स्वीडनला हरवण्याची गोडी फिनिश माणसाला किती असेल, हे तुम्हांला सांगायला नको. फिनलंडने तोवर ही स्पर्धा एकदाही जिंकली नव्हती. गंमत अशी, की फिनलंडचे प्रशिक्षक कर्ट लिंडस्ट्रॉम हे स्वतः स्वीडिश होते.

त्या संघात विले पेल्टोनेन, येरे लेहतिनेन आणि साकू कोइवू अशी तीन तरुणांची फळी होती. डोनाल्ड डकचे तीन खोडकर पुतणे तुम्हांला दूरदर्शनवर किंवा चित्रकथांत भेटले असतील. फिनलंडमध्ये त्यांना तुपू, हुपू आणि लुपू म्हणतात. लोकांनी हीच नावे या तिघांना दिली. अंतिम सामन्यात पेल्टोनेनने एकट्याने तीन गोल केले आणि फिनलंडने सामना ४-१ असा जिंकला. यजमानांनी आपल्या विजयासाठी एक गाणे तयार करून ठेवले होते; फिनिश लोकांनी तेच गाणे उचलले आणि स्वतःच्या मिरवणुकीत गायले. हेलसिंकीचे रस्ते माणसांनी भरून गेले. साकूचे वय तेव्हा वीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी तो माँट्रियलला गेला. माँट्रियल कॅनेडियन्स हा संघ १९०९ साली स्थापन झाला. या लीगचा मानाचा करंडक म्हणजे स्टॅन्ली चषक. तो या संघाइतक्या वेळा कुणीच जिंकलेला नाही. २४ वेळा त्यांनी तो मिळवला आहे. पण शेवटचा चषक १९९३ चा. म्हणजे साकू पोहोचला तेव्हा सुगीचे दिवस नुकतेच मागे पडले होते आणि लोकांच्या अपेक्षा मात्र तशाच ताज्या होत्या. अशा घरात नव्या माणसाने संसार करणे कठीण असते.

त्याला दुखापतींनीही छळले. दुसऱ्याच हंगामात तो लीगमधील सर्वोत्तम खेळाडूंच्या रांगेत जाऊन बसला होता. तोच डिसेंबर १९९६ मध्ये गुडघा जायबंदी झाला. पुढे पुन्हा गुडघा, मग खांदा. तरीही १९९९ मध्ये संघाने त्याला कर्णधार केले. या जुन्या संघाच्या इतिहासात युरोपातून आलेला खेळाडू प्रथमच कर्णधार झाला. आणि कर्णधारपदाच्या पहिल्याच हंगामात तो ८२ पैकी केवळ २४ सामने खेळू शकला.

अशा माणसाला त्या सप्टेंबरमध्ये कर्करोगाचे निदान झाले. डॉक्टरांना आणि संघाला वाटले, की हा हंगाम तर गेलाच. खेळाचे पुढे पाहू, आधी जीव वाचू दे.

माँट्रियल जनरल हॉस्पिटलमध्ये उपचार सुरू झाले. या रोगावर रसायनोपचार करतात. शिरेतून जहाल औषधे शरीरात सोडतात. भराभर वाढणाऱ्या पेशींना ही औषधे मारतात. पण कर्करोगाच्या पेशी कोणत्या आणि केसांच्या मुळांच्या पेशी कोणत्या, हा फरक औषधाला नीट कळत नाही. म्हणून केस गळतात, तोंड येते, मळमळते, अंगात त्राण राहत नाही. साकूचेही केस गेले. काही सेकंदांत मैदानाची टोके गाठणाऱ्या माणसाला जिना चढणे जड जावे, अशी ही औषधे असतात. चाहत्यांची पत्रे येत राहिली. आइस हॉकीच्या जगात एक उदाहरणही समोर होते. मारियो लेम्यू या थोर कॅनेडियन खेळाडूला १९९३ मध्ये अशाच जातीचा कर्करोग झाला होता. किरणोपचारांचा शेवटचा दिवस संपवून तो त्याच संध्याकाळी सामना खेळला होता आणि त्याने गोलही केला होता.

हिवाळा सरता सरता उपचारांचा गुण आल्याचे दिसले. तपासण्यांत रोग आढळेनासा झाला. साकू पुन्हा बर्फावर सराव करू लागला.

९ एप्रिल २००२ ची रात्र. हंगामाचे तीनच सामने उरले होते. समोर ओटावा सेनेटर्स हा संघ. माँट्रियलच्या मॉल्सन सेंटर या क्रीडागृहात तेव्हा २१ हजारांहून अधिक प्रेक्षक बसत. त्या रात्री ते बसले नाहीत. अकरा क्रमांकाचा सदरा घातलेला साकू बर्फावर आला आणि सगळे क्रीडागृह उठून उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या. एक मिनिट झाले, दोन झाली. सामना सुरू व्हायचा होता, पण कुणाला घाई नव्हती. साकूने हात उंचावून आभार मानले, टाळ्या वाढल्या. विरोधी संघाच्या खेळाडूंनीही स्टिका आपटून त्याचे स्वागत केले. आइस हॉकीत शाबासकी देण्याची हीच रीत आहे. सुमारे आठ मिनिटे हे चालले होते. घड्याळ लावून आठ मिनिटे टाळ्या वाजवून पाहा, म्हणजे तो काळ केवढा असतो ते समजेल.

गोल करणाऱ्याला, जिंकणाऱ्याला टाळ्या मिळतात, हे आपण रोज पाहतो. साकूने त्या क्षणापर्यंत त्या हंगामात पकला एकदाही स्पर्श केला नव्हता. एक माणूस जिवंत परत आला, एवढ्यासाठी ते हजारो लोक उभे होते.

मग सामना झाला. माँट्रियलने तो ४-३ असा जिंकला आणि बाद फेरीतील आपली जागा पक्की केली. बाद फेरीत त्यांची गाठ बोस्टन ब्रूइन्सशी पडली. आपल्या विभागात बोस्टन पहिल्या क्रमांकावर, माँट्रियल आठव्या. जाणकारांनी निकाल आधीच ठरवला होता. माँट्रियलने सहा सामन्यांत बोस्टनला घरी पाठवले. गोलरक्षक जोसे तेओडोर याने या विजयात फार मोठा वाटा उचलला, हे नमूद केले पाहिजे; नाहीतर सगळे श्रेय एकाच माणसाला दिल्यासारखे होईल. पुढच्या फेरीत संघ कॅरोलिनाकडून हरला. साकूने त्या बाद फेरीत १२ सामन्यांत ४ गोल केले आणि ६ गोलांना साहाय्य केले. चिकाटी आणि खेळावरील निष्ठा यांसाठी दिला जाणारा बिल मास्टर्टन चषक त्याला त्या वर्षी मिळाला. त्यानंतरच्या हंगामात त्याने ७१ गुण मिळवले. तोवरच्या त्याच्या कोणत्याही हंगामापेक्षा हे गुण अधिक होते. आइस हॉकीत गोलाला एक गुण आणि गोलाला साहाय्य करण्यालाही एक गुण धरतात.

आता त्या यंत्राबद्दल. उपचारांच्या काळात साकूला एक खास तपासणी करावी लागे. तिला ‘पेट स्कॅन’ म्हणतात. अगदी अल्प किरणोत्सर्ग असलेली साखर रोग्याला टोचतात. कर्करोगाच्या पेशी हावरट असतात. ही साखर त्या इतरांपेक्षा अधिक खातात. यंत्राच्या चित्रात नेमक्या त्याच जागा उजळून दिसतात. रोग उरला आहे की गेला, ते असे कळते. हे यंत्र त्या वेळी माँट्रियल जनरल हॉस्पिटलमध्ये नव्हते. त्यासाठी साकूला सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या शेरब्रुक या गावी जावे लागे.

तो नामांकित खेळाडू होता. मोटार होती, पैसा होता, सांभाळणारी माणसे होती. तरीही त्या अवस्थेत तेवढा प्रवास त्याला जड गेला. मग ज्याच्याजवळ यांतले काही नाही, त्याचे काय होत असेल? आपल्याकडे लांबच्या गावांहून मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेली, हातात कागदांची पिशवी घेतलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा प्रश्न नवा नाही. साकूने बरे झाल्यावर स्वतःच्या नावाने एक निधी उभा केला. लाखो डॉलर जमवले. या निधीच्या मदतीने माँट्रियल जनरल हॉस्पिटलला स्वतःचे पेट स्कॅन यंत्र मिळाले. समाजसेवा आणि नेतृत्व यांसाठी असलेला किंग क्लॅन्सी चषक २००७ मध्ये साकूला देण्यात आला. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या गोलांपेक्षा हे यंत्र मोठे. ज्याला हॉकीतले काही कळत नाही, अशा रोग्यालाही त्याचा उपयोग होतो.

सगळेच गोड गोड घडले, असे मात्र नाही. २००६ च्या फेब्रुवारीत इटलीतील तोरिनो येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. साकू फिनलंडचा कर्णधार होता आणि भाऊ मिकोही संघात होता. अंतिम सामन्यात पुन्हा स्वीडनच समोर आला. दोन भाग संपले तेव्हा २-२ अशी बरोबरी होती. तिसरा भाग सुरू होताच साकूची स्टिक मोडली. तो नवी स्टिक घ्यायला बाकाकडे वळला आणि इकडे दहाव्या सेकंदाला स्वीडनच्या निक्लास लिडस्ट्रॉमने गोल केला. सामना ३-२ असा गेला. फिनलंडला रौप्यपदक मिळाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, लीगच्या बाद फेरीतील एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याची स्टिक साकूच्या डाव्या डोळ्यावर बसली. डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याची नजर पूर्णपणे पूर्ववत झाली नाही. तशा नजरेने तो पुढे आठ हंगाम खेळला.

आणखी एक वाद त्याच्या वाट्याला आला. तो तुम्हांला इतरांपेक्षा अधिक चांगला समजेल. माँट्रियल शहर कॅनडाच्या क्युबेक प्रांतात आहे. तेथील बहुसंख्य लोकांची भाषा फ्रेंच. इंग्रजीच्या समुद्रात आपली भाषा बुडेल, ही धास्ती त्यांना फार जुन्या काळापासून आहे. म्हणून १९७७ मध्ये त्यांनी फ्रेंचच्या रक्षणासाठी कडक कायदाही केला. माँट्रियल कॅनेडियन्स हा संघ म्हणजे त्यांच्या अभिमानाची जागा. २००७ मध्ये काही लोकांनी जाहीरपणे विचारले: आमचा कर्णधार बारा वर्षे येथे राहतो, मग आमच्याशी फ्रेंचमध्ये का बोलत नाही? साकूला मातृभाषा फिनिश, शिवाय स्वीडिश आणि इंग्रजी या भाषा येत होत्या. फ्रेंच थोडीफार समजत होती, पण वार्ताहरांसमोर ती बोलायला तो कचरत असे.

तुम्ही घरी आणि वर्गात उर्दू बोलता आणि या तासाला मराठी वाचता. चुकीचे बोललो तर लोक हसतील, ही भीती तुम्हां-आम्हांला अनोळखी नाही. त्या लोकांची तक्रार अगदीच चुकीची होती, असे मला वाटत नाही. ज्या मातीत आपण राहतो, तेथील माणसांची भाषा आपल्या तोंडी यावी, असे त्यांना वाटणारच. पण ज्या माणसाने त्या शहरासाठी गुडघे, खांदा आणि एक डोळा खर्ची घातला, त्याला परका ठरवणे हेही न्यायाचे नव्हते. या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. वर्गात यावर जरूर वाद घाला. मराठीत घातलात तर अधिक चांगले.

२००९ मध्ये साकूने माँट्रियल सोडले. दहा वर्षे तो कर्णधार राहिला होता. या संघात इतका काळ कर्णधारपद त्याच्याआधी केवळ जाँ बेलिव्हो या महान खेळाडूने भूषवले होते. बेलिव्होच्या काळात संघाने चषकामागून चषक जिंकले. साकूच्या हाती स्टॅन्ली चषक एकदाही आला नाही. पुढची पाच वर्षे तो अमेरिकेतील अनाहाइम डक्स या संघात खेळला. तेथे त्याचा देशबांधव, तडाखेबंद गोल करणारा तेमू सेलॅने त्याच्या जोडीला होता. २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये दोघांनी फिनलंडसाठी कांस्यपदक मिळवले. साकूची एकूण चार ऑलिंपिक पदके झाली: एक रौप्य आणि तीन कांस्य.

सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. नॅशनल हॉकी लीगमधील त्याचे नियमित सामने १,१२४, गोल २५५ आणि साहाय्य ५७७. मागे म्हटले होते ते हे आकडे. स्वतः एक गोल केला, तर दुसऱ्यांना दोनांहून अधिक करून दिले, असा त्याचा हिशेब बसतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माँट्रियलने त्याला सन्मानाने बोलावले. प्रेक्षक पुन्हा उभे राहिले. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या थोर खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव दाखल केले.

साकूचा मुलगा आतोस हाही आइस हॉकी खेळतो. २०२४ च्या निवडीत कोणता संघ त्याला घेतो, याकडे तुर्कूच्या लोकांचे लक्ष होते. ७० व्या क्रमांकाला त्याचे नाव पुकारले गेले. पुकारणारा संघ होता माँट्रियल कॅनेडियन्स.

शब्दार्थ

ऐन उमेदीत – भर तारुण्यात. उर्दूत ‘ऐन जवानी में’.
बेसुमार – मोजता येणार नाही इतके. (हा शब्द उर्दूत ‘बेशुमार’ असा आहे.)
लहानखुरा – अंगाने लहान.
हातखंडा असणे – एखाद्या कामात फार तरबेज असणे.
जायबंदी होणे – दुखापत होऊन निकामी होणे.
त्राण – शक्ती, उर्दूत ‘ताकत’.
धास्ती – मनातील भीती.
कचरणे – संकोचाने मागे सरणे, उर्दूत ‘झिझकना’.

स्वाध्याय

१. साकूच्या आजाराची शंका प्रथम कोणाला आली आणि त्याने काय केले?
२. ‘पहारेकऱ्यानेच घर फोडावे तसा हा प्रकार’ असे लेखकाने का म्हटले आहे?
३. ९ एप्रिल २००२ च्या रात्री प्रेक्षक का उभे राहिले? तीन-चार वाक्यांत लिहा.
४. फ्रेंच भाषेच्या वादात तुम्हांला कोणाचे म्हणणे पटते? कारणे द्या.
५. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा: मैदान, हकीकत, दवाखाना, शाबासकी.